टीवरून फेकायला पटर कोणता घ्यावा?

प्रश्न डिस्क गोल्फचा आहे, म्हणजे चकती (डिस्क) फेकत साखळ्यांच्या बास्केटपर्यंत नेण्याच्या खेळाचा; टी म्हणजे पहिल्या फेकीची जागा. थोडक्यात प्रश्न असा. उत्तर कॅरोलिनात शार्लटच्या आसपास, झाडीतल्या कोर्सेसवर खेळणं होतं. फेक उजव्या हाताची, बॅकहँड (हात छातीसमोरून ओढून). मोकळ्या मैदानात ड्रायव्हर (लांब फेकीची डिस्क) २८० ते ३०० फूट जातो. दोनशे-सव्वादोनशे फुटांच्या होलवर मात्र मिडरेंज (मधल्या अंतराची डिस्क) जोरात फेकली तर बास्केट ओलांडून पुढे घसरते आणि हळू फेकली तर डावीकडे झाडीत शिरते. पुटिंगसाठी, म्हणजे बास्केटजवळून आत टाकायला, मऊ प्लास्टिकचे दोन एव्हिएर (इनोव्हा कंपनीचे पटर, म्हणजे जवळच्या फेकीच्या हळू डिस्क) आहेत. त्यातला एक टीवरून फेकून पाहिला, तर हातातून सुटल्या सुटल्या उजवीकडे कलंडला. मग टीवरून फेकायला वेगळा पटर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

हो, वेगळा घ्या. कडक आणि टिकाऊ प्लास्टिकचा, १७० ते १७५ ग्रॅम वजनाचा, बीड (काठाखालचा कंगोरा) नसलेला किंवा बारीक बीडचा, आणि उड्डाणाच्या आकड्यांत टर्न (वेगात असताना उजवीकडे झुकणं) शून्याच्या आसपास व फेड (शेवटी डावीकडे झुकणं) १ ते २ असलेला पटर तुमच्या हाताला बसेल. नावंच हवी असतील तर (कंपनी, पटर, प्लास्टिक या क्रमाने) ॲक्सिअमचा एन्व्ही न्यूट्रॉनमध्ये, कास्टाप्लास्टचा रेको के-वनमध्ये, डायनॅमिक डिस्क्सचा जज ल्युसिड किंवा फ्यूजनमध्ये, डिस्क्राफ्टचा चॅलेंजर झेडमध्ये. यांतला कोणताही हातात घट्ट बसला की पुरे. एकमेकांच्या तुलनेत त्यांचा फरक तुमच्या फेकीफेकीतल्या फरकापेक्षा लहान आहे.

पण दुकानात जाण्याआधी तुमच्याच प्रश्नातल्या ‘सुटल्या सुटल्या’ या शब्दांकडे जरा बघा. निम्मं उत्तर तिथेच आहे.

फेकलेली डिस्क म्हणजे आडवा भोवरा. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूने टोचलं तर तो टोचल्या दिशेला न झुकता काटकोनात वळून झुकतो. उजव्या हाताच्या बॅकहँडला डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग भरपूर असताना हवा तिचं नाक खाली दाबायला बघते, आणि ते दाबणं उजवीकडच्या झुकण्यात उतरतं, हा टर्न. वेग ओसरून डिस्क खाली बसू लागली की हवा तिला जास्त कोनात खालून लागते, दाबाचं केंद्र पुढे सरकतं, नाक वर उचललं जाऊ लागतं आणि तेच डावीकडच्या झुकण्यात उतरतं, हा फेड. डावखुऱ्यांनी बॅकहँडला आणि उजव्या हाताने फोरहँड (तळवा पुढे ठेवून, बाजूने) फेकणाऱ्यांनी दिशा उलट्या धराव्यात.

याचा अर्थ असा की वेगामुळे होणारा टर्न दिसायला थोडं अंतर लागतं. डिस्क आधी सरळ जाते, साठ-ऐंशी-शंभर फुटांवर हळूहळू उजवीकडे झुकायला लागते. पहिल्या वीस-तीस फुटांतच ती कलंडत असेल तर कारण बहुतेक वेळा हातात असतं: एक तर ती सुटतानाच उजवी कड खाली होती, म्हणजे नकळत अ‍ॅनहायझर झाला; किंवा ती थरथरत, डगमगत सुटली. डगमगणाऱ्या डिस्कला हवा जास्त अडवते आणि ती आपल्या आकड्यांपेक्षा कितीतरी अंडरस्टेबल, म्हणजे उजवीकडे उलटणारी, वागते. रुंद काठाचे ओव्हरस्टेबल (डावीकडे ओढणारे) ड्रायव्हर ही डगमग बऱ्यापैकी गिळून टाकतात. पटर ती चारचौघांत मांडतो.

म्हणून सुटल्या सुटल्या कलंडणाऱ्या पटरवर उपाय म्हणून डिस्क्राफ्टच्या झोनसारखा दणकट ओव्हरस्टेबल पटर विकत घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फेक सरळ झाल्याचा भास होतो, डगमग तशीच राहते आणि ओली किंवा घाईची फेक आली की पुन्हा वर येते.

डगमग का येते? हात ज्या पातळीत फिरतो आणि डिस्क ज्या पातळीत धरलेली असते, त्या दोन पातळ्या जुळत नाहीत म्हणून. हात कमरेजवळून निघून सुटताना खांद्यापर्यंत चढत गेला आणि डिस्क मात्र जमिनीला समांतर धरलेली असली, की ती सुटताना वेडीवाकडी फिरणारच. दुसरं कारण म्हणजे सुटण्याच्या क्षणी मनगट वळणं. तिसरं पकडीचं: अंगठा अगदी काठावर आला की वरून दाब राहत नाही, तो काठाच्या आत, सपाट भागावर, तर्जनीच्या साधारण वर हवा. चौथं कारण तुमच्या बाबतीत खरंच डिस्कमध्ये आहे. मऊ प्लास्टिकचा पटर पूर्ण जोराने ओढला की त्याची कड बोटांत वाकते, आणि सुटताना ती झटक्याने मूळ आकारात येते. पुटिंगला हाच मऊपणा चांगला, कारण तो चेनला चिकटतो आणि थंडीत बोटांना बरा वाटतो. टीवर तो नडतो.

आता मुळात टीवरून पटर का फेकायचा, कारण बऱ्याच जणांना ही कमीपणाची गोष्ट वाटते. २२० फुटांचं होल ड्रायव्हरने खेळायचं म्हणजे अर्ध्या जोराने फेकायचं. आणि ड्रायव्हरला हवा तेवढा वेग मिळाला नाही की तो टर्न न होता थेट फेडवर जातो, तिरका उतरतो आणि घसरतो. तुमच्या मिडरेंजचं हेच होतंय, फक्त थोड्या प्रमाणात. पटरची कड बोथट असते, त्याला हवा जास्त अडवते, म्हणून तेच २२० फूट गाठायला जवळजवळ पूर्ण पण निवांत फेक लागते. हाताला जी लय रोजची आहे तीच वापरता येते. शिवाय तो सपाट आणि हळू उतरतो. २०२१ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत, युटामधल्या ऑग्डेनला, शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅडने २४७ फुटांवरून थेट बास्केटमध्ये घालून पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद घेतलं. ती डिस्क होती एन्व्ही, म्हणजे पटरच. ती फेक टीवरून नव्हती. पण एवढ्या अंतरावर खेळाडूचा हात कुठल्या डिस्ककडे जातो हे त्यातून कळतं.

दुकानात डिस्कवर चार आकडे दिसतात: वेग, ग्लाइड (हवेत तरंगत राहणं), टर्न, फेड. हे आकडे कंपन्या स्वतः देतात. पीडीजीए, म्हणजे १९७६ मध्ये एड हेड्रिकने सुरू केलेली व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना, डिस्कची मापं तपासून मान्यता देते. ती कशी उडते याचा आकडा देत नाही. त्यामुळे एका कंपनीचा फेड २ आणि दुसरीचा फेड २ सारखाच असेल असं धरू नका. एकाच कंपनीच्या दोन पटरांची तुलना करायला आकडे कामाचे, कंपनी बदलली की अंदाजाचे.

पटरच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. वेग २ किंवा ३ म्हणजे ‘या वेगाने फेकल्यावर बाकीचे तीन आकडे खरे’. टीवरून आपण त्याला त्याच्या वेगापेक्षा बरंच जास्त ढकलतो. मग टर्न शून्य लिहिलेला पटर प्रत्यक्षात थोडा उजवीकडे झुकतो, आणि उणे एक लिहिलेला तर जोरदार हातात चक्क उलटतो. म्हणून पुटिंगसाठी जे आकडे सुरेख, ते टीसाठी एक पायरी कमी पडतात असं समजा. इनोव्हाचा साधा एव्हिएर २, ३, ०, १ आहे. ऐंशीच्या दशकापासून चाललेला, अत्यंत प्रामाणिक पटर. तुमच्या ताकदीला स्टार किंवा चॅम्पियन या टिकाऊ प्लास्टिकमध्ये तो टीवरूनही छान चालेल, पण झिजलेल्या डीएक्समध्ये (साध्या प्लास्टिकमध्ये) नाही. डिस्क्राफ्टचा मॅग्नेट २, ३, उणे १, १: पुटिंगला उत्तम, टीवरून ज्यांचा ड्रायव्हर २०० फुटांच्या आत थांबतो त्यांच्यासाठी. ॲक्सिअमचा प्रॉक्सी ३, ३, उणे १, ०.५: हलक्या हातांना सरळ, जोरकस हातांना लांब उजवं वळण. चॅलेंजर २, ३, ०, २. डिस्क्राफ्टचाच लूना ३, ३, ०, ३. झोन ४, ३, ०, ३.

हाताच्या वेगाप्रमाणे ढोबळ हिशेब असा लावता येतो. ड्रायव्हर २०० ते २५० फूट जात असेल तर फेड १ पर्यंतचा, ग्लाइड ३-४ असलेला पटर घ्या. डायनॅमिक डिस्क्सच्या वॉर्डन किंवा जजसारखा. २५० ते ३२० च्या पट्ट्यात, जिथे तुम्ही आहात, फेड १ ते २. त्याच्या वर गेल्यावर फेड २ ते ३ आणि प्लास्टिक नक्की प्रीमियम (महाग, टिकाऊ). पटरने किती अंतर मिळेल? स्वच्छ फेकीत ड्रायव्हरच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश. म्हणजे तुमचे २०० ते २२० फूट रास्त आहेत. २५० च्या होलला पटर ताणायला जाऊ नका; जोर वाढवला की पहिली डगमग वाढते, अंतर नंतर.

आता झोनविषयी, कारण टीवरच्या पटरची चर्चा निघाली की कुणीतरी तो सुचवतोच. डिस्क वाईट नाही. समोरून वारा असताना, फोरहँडला, किंवा डावीकडे ठाम वळण हवं असताना तिच्यासारखी दुसरी सापडत नाही. पण पहिला फेकायचा पटर म्हणून ती घेतली की सगळ्या फेका डावीकडे वळतात, मग आपण उजवीकडे नेम धरायला शिकतो आणि सरळ फेकायचं राहूनच जातं. दुसरी अडचण तुमच्या भागातली. फेड जितका जास्त तितकी डिस्क कडेवर तिरकी उतरते. कॅरोलिनाची लाल चिकणमाती उन्हाळ्यात कोकणातल्या जांभ्यासारखी टणक होते, आणि पाइनच्या वाळलेल्या सुयांचा थर तर घसरगुंडीच. तिरकी उतरलेली डिस्क त्यावरून पंधरा-वीस फूट सहज सरकते. ज्या घसरण्याला कंटाळून तुम्ही मिडरेंज सोडताय, तेच घसरणं पुन्हा विकत घ्याल. झोन दुसरा पटर म्हणून घ्या, पहिला नको.

बीड म्हणजे काठाच्या खालच्या कडेला, आत-बाहेर गोलाकार फिरणारा बारीक कंगोरा. पुटिंगला तो अनेकांना आवडतो, कारण बोटाला दर वेळी तीच जागा सापडते. शिवाय बीड असलेला साचा (डिस्कचं मॉडेल) सहसा थोडा जास्त ओव्हरस्टेबल निघतो. टीवरून फेकताना मात्र तो कंगोरा बोटात क्षणभर अडकू शकतो. अडकला की डिस्क उशिरा सुटते आणि उजवीकडे जाते: कलंडत नाही, सरळ रेषेतच, पण उजव्या झाडात. हे लक्षण टर्नपेक्षा वेगळं ओळखायला शिका. घामट हाताने ते जास्त होतं, आणि शार्लटच्या जुलैत घाम कुणाला चुकलाय! खडूच्या भुकटीची छोटी पिशवी बॅगेला अडकवा, टीवर दर वेळी हात कोरडा करा. जज बीडचा आणि वॉर्डन बिनबीडचा, बाकी बराचसा सारखा. दुकानात दोन्ही एकामागून एक हातात घेतले तर फरक लगेच कळतो.

काठाची खोली आणि पकड यांचा संबंधही इथेच येतो. पीडीजीएच्या नियमाप्रमाणे काठाची खोली व्यासाच्या किमान ५ टक्के हवी. बहुतेक पटर त्याच्या बरेच वर, साधारण १.३ ते १.५ सेंटिमीटर खोल असतात. ड्रायव्हरसारखी चारही बोटं काठात दुमडून मूठ आवळली तर लहान हातांना खोल पटर धड आवळता येत नाही, आणि नाक वर उचललं जातं. अशा वेळी तर्जनी काठाला लावून मधली दोन बोटं तळाशी थोडी पसरवा, करंगळी काठात ठेवा. जोर थोडा कमी मिळतो, स्वच्छता वाढते. दुकानात पटर पाहताना पुटिंगची पकड धरून तपासू नका. टीवर जी पकड धरणार तीच धरा, दुसऱ्या हाताने डिस्क समोरून हलकेच ओढून पाहा: ती मुठीत फिरली किंवा अंगठ्याखालून उचकटली तर तो साचा तुमच्या हाताचा नाही, आकडे कितीही चांगले असोत.

प्लास्टिक हा खरं तर साच्याइतकाच मोठा निर्णय आहे, आणि लोक त्याला पाच मिनिटंही देत नाहीत. इनोव्हाचं डीएक्स, डिस्क्राफ्टचं प्रो-डी, एमव्हीपी-ॲक्सिअमचं इलेक्ट्रॉन, डायनॅमिकचं क्लासिक, कास्टाप्लास्टचं के-थ्री: ही साधी, पुटिंगची प्लास्टिकं. कोरड्या हाताला पकड छान, किंमत कमी, पण झाडावर आपटली की काठाला ओरखडे आणि खड्डे पडतात. प्रत्येक खड्ड्यासोबत डिस्क थोडी अंडरस्टेबल होते. झाडीतल्या कोर्सवर टीवरून फेकायचा साधा पटर एका हंगामात ओळखू न येण्याइतका बदलतो. तीच डिस्क पुटिंगलाही वापरत असाल तर पुटिंगची सवयही तिच्यासोबत बिघडते. दोन्ही कामांना एकच डिस्क नको, याचं हे सर्वात व्यावहारिक कारण. दुसरं म्हणजे टीवरची डिस्क तळ्यात किंवा काटेरी झुडपात गेली तर पुटिंगची डिस्क गेली असं होऊ नये.

स्टार, चॅम्पियन, ईएसपी, झेड, न्यूट्रॉन, ल्युसिड, फ्यूजन, के-वन ही प्रीमियम प्लास्टिकं हळू झिजतात. त्यातही पारदर्शक, काचेसारखी चॅम्पियन, झेड, ल्युसिड ही सर्वात टिकाऊ, पण पावसात निसरडी. अपारदर्शक स्टार, ईएसपी, फ्यूजन यांना पकड बरी. एकच साचा पारदर्शक प्लास्टिकमध्ये सहसा थोडा जास्त ओव्हरस्टेबल उडतो, कारण थंड होताना प्रत्येक प्लास्टिक वेगळं आकसतं आणि घुमटाची उंची, काठाची ठेवण बदलते. साधा पटर १० डॉलरच्या आसपास, प्रीमियम १८ ते २०. वर्षभरात तीन साधे झिजवण्यापेक्षा एक प्रीमियम स्वस्त पडतो.

तुमचं पुटिंग एव्हिएरने बसलेलं आहे, तेव्हा सर्वात सोपा मार्ग म्हणजे फेकायलाही एव्हिएरच, फक्त स्टार किंवा चॅम्पियन प्लास्टिकमध्ये. हाताला ओळखीची कड, एका साच्याचे दोन स्वभाव. हा मार्ग कंटाळवाणा वाटेल, पण चुकत नाही.

एकाच साच्याच्या, एकाच प्लास्टिकच्या दोन डिस्कही तंतोतंत सारख्या नसतात. दुकानात दोन-तीन नग मागून घ्या आणि सपाट टेबलावर शेजारी ठेवा. कड कुठे उचललेली नाही ना, हे आधी बघा. मग बाहेरच्या कडेवर साच्याच्या दोन भागांची बारीक शिवण दिसते, तिची टेबलापासूनची उंची ताडून पाहा: शिवण जितकी वर, तितका तो नग ओव्हरस्टेबल. वरचा घुमट फुगीर असेल तर ग्लाइड जास्त, सपाट असेल तर कमी आणि जरा ठाम. टीसाठी मध्यम शिवण, किंचित घुमट असलेला नग घ्या. शिवणीवर प्लास्टिकची बारीक धार राहिली असेल आणि ती बोटाला लागत असेल तर बारीक पॉलिशपेपरने घासून काढणं नियमात बसतं. रंगाचा जाड थर किंवा चिकटपट्टी लावून डिस्कमध्ये भर घालणं बसत नाही. शाईने खूण केलेली चालते.

वजनाचा नियम आहे व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. बहुतेक पटरांचा व्यास २१ ते २१.२ सेंटिमीटर, म्हणून वरची मर्यादा १७४ ते १७६ च्या दरम्यान येते आणि दुकानात १७५ लिहिलेले नग सर्वाधिक दिसतात. झाडीत वारा फारसा लागत नाही, तेव्हा १७० ते १७५ मधलं काहीही घ्या. १६५ च्या खाली गेलात तर डिस्क तरंगते जास्त, पण तुमच्या जोराला लवकर उलटते. ज्यांचा ड्रायव्हर २०० च्या आत थांबतो त्यांना, आणि लहान मुलांना, हलकी डिस्क खरंच मदत करते.

घेतल्यावर थेट कोर्सवर जाऊ नका. अमेरिकन फुटबॉलचं मैदान मिळालं तर उत्तम, कारण दर पाच यार्डांवर, म्हणजे १५ फुटांवर, रेघ आखलेली असते. वारा नसलेली सकाळ निवडा. नवा पटर, जुना एव्हिएर आणि नेहमीची मिडरेंज, तिन्ही सोबत न्या. डिस्कच्या वरच्या बाजूला काठाजवळ शाईचा एक जाड ठिपका काढा. फिरताना त्याचं स्वच्छ वर्तुळ दिसलं तर फेक नितळ, वर्तुळ फाटलेलं, दुहेरी दिसलं तर डगमग. आधी उभ्याने, धाव न घेता, साठ टक्के जोराने दहा फेका टाका. पहिल्या ३० फुटांकडेच बघा, कुठे पडली ते नंतर. दहापैकी सात नितळ सुटेपर्यंत जोर वाढवू नका. मग दोन पावलं घेऊन पंचाहत्तर टक्क्यांनी दहा, आणि शेवटी नव्वदने दहा. कोणत्या टप्प्यावर डिस्क साठ-सत्तर फुटांपुढे उजवीकडे झुकायला लागते ते लिहून ठेवा. नव्वदलाही ती सरळ जाऊन शेवटी दहा-पंधरा फूट डावीकडे बसत असेल तर निवड बरोबर. पंचाहत्तरलाच झुकून परत येत नसेल तर एक पायरी ओव्हरस्टेबल घ्या. साठलाच डावीकडे पंचवीस-तीस फूट जात असेल तर एक पायरी सरळ.

आणखी एक शक्यता मध्ये येते आणि फसवते. डिस्क वर चढते, क्षणभर थांबते आणि धपकन डावीकडे पडते. हे बघून लोक अंडरस्टेबल पटर घेतात. दोष डिस्कचा नसतो, नाक वर असतं. मनगट थोडं खाली वळवा, कुलपात किल्ली फिरवल्यासारखं, आणि छातीच्या जरा खालून ओढा. पटरला एक-दोन अंशांचा फरकही पुरतो.

फेक नितळ झाली की एक युक्ती लगेच हाताशी येते: डावी कड दहा-पंधरा अंश खाली ठेवून, म्हणजे हलक्या हायझरवर, पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांनी सोडायची. शून्य टर्नचा पटर वेगामुळे हळूहळू सपाट होतो, मधला पट्टा सरळ कापतो आणि शेवटी अलगद उतरतो. झाडांच्या बोगद्यासारख्या होलला सपाट फेकीपेक्षा ही सुरक्षित, कारण जरा कमी-जास्त झालं तरी डिस्क उलटत नाही.

समोरून वारा असेल तर डिस्कला हवेच्या दृष्टीने वेग वाढलेला असतो, म्हणून टर्न वाढतो आणि नाक जरा वर असलं तरी ती पतंगासारखी उचलली जाते. तेव्हा झोन, किंवा कास्टाप्लास्टचा बर्ग. बर्गला ग्लाइड इतका कमी (१, १, ०, २) की तो उचलला जातच नाही. पाठीमागून वारा असेल तर उलट: डिस्क लवकर खाली बसते आणि फेड लवकर येतो, तिथे जज किंवा रेको थोडा उंच फेकलेला बरा. हिवाळ्याच्या सकाळी प्लास्टिक कडक होतं आणि हवा दाट. अंतरात पाच-दहा फूट कमी धरा.

तुमच्या तीन प्रकारच्या होलांना हे असं लागू होतं. २०० ते २२० फूट सरळ बोगदा: नवा पटर, हलका हायझर. त्याच अंतरावर डावीकडे वळण: तोच पटर, वीस-पंचवीस अंशांचा हायझर, उंची थोडी जास्त. उजवीकडे वळण असेल तेव्हा मात्र जुना, झिजलेला पटर कामाला येतो. तो आधीच टर्नकडे झुकलेला असतो, किंचित अ‍ॅनहायझरवर सोडला की वळण धरून राहतो आणि परत डावीकडे येत नाही. म्हणून तुमचा तो ‘बिघडलेला’ एव्हिएर टाकून देऊ नका. फेक नितळ झाल्यावर त्याला हे काम द्या. २४० च्या पुढे मिडरेंजच.

नव्या पटरवर आत शाईने घेतल्याचा महिना लिहा. वर्षा-दीड वर्षाने तोच साचा, तेच प्लास्टिक पुन्हा घ्या आणि मैदानात जुन्या-नव्याला एकाच हायझरने फेकून पाहा. जुना दहा-पंधरा फूट उजवीकडे उतरत असेल तर तो उजव्या वळणाच्या कामाला, नवा सरळ कामाला. काठावरचे खोल ओरखडे अधूनमधून घासून गुळगुळीत ठेवा, म्हणजे बोट अडकत नाही. कडेला आरपार चीर गेली असेल तर ती डिस्क स्पर्धेत चालत नाही. परसातल्या बास्केटवर सरावाला ठेवा.